विश्लेषण : हातातला दिवा ठेवल्यानंतर फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी ४० वर्षे काय केले?

दरवर्षी १२ मे रोजी जागतिक परिचारिका दिन साजरा होतो. हा फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्मदिवस. नर्सिंग महाविद्यालयांच्या दीपप्रज्वलन सोहळ्यात नव्या विद्यार्थिनी हातात दिवा घेऊन त्यांच्या नावाची शपथ घेतात. शाळेच्या पुस्तकापासून व्हॉट्सॲपच्या शुभेच्छांपर्यंत त्यांची एकच प्रतिमा दिसते : युद्धातल्या रुग्णालयात रात्री दिवा घेऊन जखमी सैनिकांच्या खाटांमधून फिरणारी तरुणी.

ते काम जेमतेम पावणेदोन वर्षांचे होते. त्यानंतर नाइटिंगेल ५० वर्षांहून अधिक काळ जगल्या. त्यातला बराच काळ त्यांनी आजारपणामुळे लंडनमधल्या घरात, कोचावर किंवा अंथरुणावर काढला. तिथून त्यांनी जे केले त्याची चर्चा फारशी होत नाही. नुकतेच प्रशिक्षण संपवून वॉर्डात उभ्या राहिलेल्या नर्सला पहिल्या काही वर्षांत कोणी सांभाळायचे, कसे सांभाळायचे, या प्रश्नाशी त्या शेवटपर्यंत झगडल्या. विशेष म्हणजे पहिली दहा-बारा वर्षे हे काम त्यांना नीट जमले नव्हते.

श्रीमंत घरातल्या मुलीला नर्स का व्हायचे होते?

नाइटिंगेल यांचा जन्म १८२० चा, इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरातला. आई-वडील तेव्हा युरोपच्या लांबलचक सहलीवर होते. शहराचेच नाव मुलीला ठेवले. इंग्लंडमध्ये कुटुंबाची दोन मोठी घरे होती, एक डर्बीशायरमध्ये आणि दुसरे हॅम्पशायरमध्ये. वडिलांनी दोन्ही मुलींना घरीच ग्रीक, लॅटिन, इतिहास शिकवला. धाकट्या फ्लॉरेन्सला गणिताची विशेष ओढ. देवाने आपल्याला सेवेसाठी बोलावले आहे, असे त्यांना १७ व्या वर्षापूर्वीच वाटू लागले होते. पण सेवा म्हणजे नेमके काय, हे ठरायला पुढे बरीच वर्षे गेली.

१८४५ मध्ये त्यांनी सॅलिसबरीच्या रुग्णालयात तीन महिने राहून काम शिकण्याचा बेत घरच्यांपुढे मांडला. घरात अक्षरशः वादळ झाले. याचे कारण समजून घ्यायला हवे. तेव्हाच्या इंग्लंडमध्ये रुग्णालयातली नर्स म्हणजे दुसरे कोणतेही काम न मिळालेली, बऱ्याचदा दारूच्या आहारी गेलेली बाई, असाच समज होता. तो सर्वच बायकांबाबत खरा नव्हता. पण त्यांना कोणी काही शिकवत नव्हते, हे मात्र खरे होते. जुनी नर्स जे करते ते पाहायचे आणि तसेच करायचे, एवढेच शिक्षण.

बेत फसला. मग नाइटिंगेल पहाटे उठून मेणबत्तीच्या उजेडात रुग्णालयांचे अहवाल वाचू लागल्या, आकडे वहीत उतरवू लागल्या. १८५१ मध्ये जर्मनीतील कैसर्सवर्थ इथल्या सेवाश्रमात त्यांना सुमारे तीन महिने राहायला मिळाले. त्यांच्या आयुष्यातले सलग प्रशिक्षण म्हणावे ते जवळपास एवढेच. १८५३ मध्ये लंडनच्या हार्ले स्ट्रीटवरील महिलांच्या एका छोट्या रुग्णालयाच्या त्या प्रमुख झाल्या तेव्हा वय ३३ होते. काही अडले तर विचारावे अशी या क्षेत्रातली वरिष्ठ स्त्री आसपास नव्हती.

युद्धाने नेमके काय शिकवले?

ऑक्टोबर १८५४ मध्ये क्रिमियाच्या युद्धातून बातम्या येऊ लागल्या की जखमी ब्रिटिश सैनिकांकडे पाहायला माणसे नाहीत. युद्धखात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट हे नाइटिंगेल यांचे जुने स्नेही. त्यांनी बोलावले आणि आठवडाभरात ३८ स्त्रियांची तुकडी तयार झाली. त्यात १० कॅथलिक जोगिणी, प्रोटेस्टंट संस्थांच्या १४ सेविका आणि रुग्णालयांत पगारावर काम केलेल्या १४ नर्स होत्या. ४ नोव्हेंबर रोजी ही मंडळी स्कुतारीला, म्हणजे आजच्या इस्तंबूलमधील उस्कुदारला पोहोचली.

घाईत जमवलेल्या या तुकडीने नाइटिंगेल यांना पुरते दमवले. कोणी दारू पिऊन सापडले, कोणाचे धर्मावरून खटके उडाले, कोणाला काम झेपेना. काहींना परत पाठवावे लागले. त्यात डिसेंबरमध्ये न मागता आणखी ४० हून अधिक स्त्रिया आल्या, तेव्हा नाइटिंगेल यांनी थेट राजीनाम्याची भाषा केली. रात्री साडेआठनंतर एकाही नर्सने वॉर्डात थांबायचे नाही, हा नियम त्यांनीच केला होता. म्हणजे रात्री त्या एकट्या फिरत असत, यामागे हेही एक कारण होते. हातातला दिवाही चित्रांत असतो तसा अल्लाउद्दीनचा नव्हता, घडी घालता येणारा तुर्की कंदील होता.

पहिल्याच हिवाळ्यात स्कुतारीतला मृत्युदर भयानक वाढला. फेब्रुवारी १८५५ मध्ये तो ४२ टक्क्यांच्या आसपास गेला. मार्चमध्ये आलेल्या सरकारी स्वच्छता आयोगाने गटारे साफ केली, पाणी आणि हवा खेळती केली, तेव्हा मृत्यू झपाट्याने घटले. युद्ध संपल्यावर हेच आकडे मांडून, त्यांचे रंगीत वर्तुळाकार आलेख काढून नाइटिंगेल यांनी लष्कराला सुधारणा करायला भाग पाडले. डेटा व्हिज्युअलायझेशन शिकवताना हे आलेख आजही दाखवले जातात. सांख्यिकी सोसायटीच्या त्या पहिल्या महिला सदस्य. तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे. इथे महत्त्वाचे इतकेच की चांगल्या मनाची, कष्टाळू बाई शोधून वॉर्डात उभी केली म्हणजे नर्स तयार होत नाही, हे त्यांना स्कुतारीत कळून चुकले.

शाळा कशी उभी राहिली?

युद्ध चालू असतानाच, नोव्हेंबर १८५५ मध्ये, लंडनमध्ये त्यांच्या नावाने निधी जमवायला सुरुवात झाली. सुमारे ४४,००० पौंड जमले. सैनिकांनीही त्यात पैसे घातले. या रकमेतून नर्सना प्रशिक्षण द्यायचे ठरले.

अडचण अशी की ज्यांच्या नावावर पैसा जमला त्या स्वतः शाळा चालवू शकत नव्हत्या. मे १८५५ मध्ये क्रिमियात त्यांना जबर ताप आला होता. तो बरा झाल्यासारखा वाटला तरी १८५७ पासून प्रकृती इतकी ढासळली की माणसांना भेटणेही अवघड झाले. तो ब्रुसेलोसिस असावा, असे आजचे अनेक अभ्यासक मानतात. शेवटी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयाशी करार झाला. तिथल्या मेट्रन सारा वॉर्ड्रोपर यांच्या हाती सूत्रे गेली आणि १८६० च्या उन्हाळ्यात १५ प्रशिक्षणार्थींची पहिली तुकडी सुरू झाली.

कागदावर योजना उत्तम होती. प्रशिक्षण एक वर्षाचे. राहणे, जेवण, चहा-साखर, गणवेश सगळे निधीतून. वर वर्षाला १० पौंड. प्रत्येकीला स्वतंत्र खोली, जी त्या काळच्या नर्सला ऐकूनही माहीत नव्हती. दर महिन्याला प्रत्येकीचे प्रगतिपत्रक भरायचे. त्यात वेळेवर येणे, शांतपणा, विश्वासूपणा, नीटनेटकेपणा असे वागणुकीचे रकाने आणि मलमपट्टीपासून रुग्णाला भरवण्यापर्यंतचे कौशल्याचे रकाने. प्रशिक्षण संपल्यावर ठरावीक वर्षे निधी सांगेल त्या रुग्णालयात नोकरी करण्याचे बंधन होते. आजच्या विद्यार्थ्यांना ‘बॉन्ड’ नवा नाही, तसलाच प्रकार.

मग बिघडले कुठे?

‘नाइटिंगेल नर्स’ हव्यात म्हणून मागण्या येऊ लागल्या आणि शाळा त्या पुरवू लागली. जेमतेम वर्षभर शिकलेल्या मुली थेट दुसऱ्या रुग्णालयांची घडी बसवायला पाठवल्या गेल्या. तिथे त्यांच्या पाठीशी कोण, याचा विचार तोकडा पडला.

ॲग्नेस जोन्स यांचे उदाहरण सर्वात बोलके आहे. दानशूर व्यापारी विल्यम रॅथबोन यांच्या पुढाकाराने लिव्हरपूलच्या गरीबखान्याच्या रुग्णालयात त्या १८६५ मध्ये १२ नर्सना घेऊन गेल्या. सुमारे १,२०० रुग्ण. मदतीला गरीबखान्यातल्याच बायका द्यायच्या, त्यांना शिकवून तयार करायचे, अशी कल्पना होती. त्यातल्या अनेकींना दारूपायी काढून टाकावे लागले. गरीबखान्याच्या प्रमुखाशी अधिकारांवरून रोज वाद. नाइटिंगेल पत्रांतून सल्ला देत, धीर देत, वेळप्रसंगी कानही उपटत. पण पत्राने रात्रीची ड्युटी हलकी होत नाही. जोन्स पहाटे उठत आणि रात्री उशिरापर्यंत वॉर्डात असत. फेब्रुवारी १८६८ मध्ये टायफसने त्यांचा मृत्यू झाला. वय अवघे ३५.

नाइटिंगेल यांनी त्यांच्यावर एक हृदयस्पर्शी लेख लिहिला, त्याला मोठी प्रसिद्धी मिळाली आणि तरुणींना या पेशात येण्याचे आवाहन त्यात होते. जोन्स यांच्या जागी पाठवायला तयार माणूस मात्र शाळेकडे नव्हते. तीन वर्षे एका बाईच्या खांद्यावर सगळे ठेवले होते आणि तिच्या हाताखाली दुसरी कोणी घडवली नव्हती. हा दोष एकट्या जोन्स यांच्या माथी मारता येणार नाही.

दुसरे उदाहरण ऑस्ट्रेलियाचे. न्यू साउथ वेल्समधील नेते हेन्री पार्क्स यांच्या विनंतीवरून लुसी ऑसबर्न आणि पाच नर्स मार्च १८६८ मध्ये सिडनीत उतरल्या. आठवडाभरातच राणी व्हिक्टोरिया यांचे पुत्र प्रिन्स आल्फ्रेड यांच्यावर तिथे गोळी झाडली गेली आणि त्यांची शुश्रूषा या नव्या नर्सकडे आली. ऑसबर्न यांनी त्याचे रसभरीत वर्णन खासगी पत्रात केले, ते हातोहात फिरले आणि नाइटिंगेल यांच्या कानावर गेले. रुग्णाबद्दल बाहेर बोलणे हा त्यांच्या लेखी मोठा अपराध. इथून दुरावा वाढत गेला. प्रत्यक्षात ऑसबर्न यांची परिस्थिती बिकट होती. रुग्णालय घाणीने, किड्यांनी भरलेले, तिथले पुरुष अधिकारी विरोधात, बरोबरच्या नर्समध्ये कुरबुरी आणि लंडनहून उत्तर यायला महिनेच्या महिने. त्यांनी चिकाटी सोडली नाही. १८७३ च्या चौकशी आयोगाने रुग्णालयाच्या व्यवस्थापनावर ठपका ठेवला आणि ऑसबर्न यांच्या कामाची बाजू घेतली. लंडनमधून त्यांना जो आधार मिळायला हवा होता तो मिळाला नाही, असेच म्हणावे लागते.

तरीही मूळ शाळेत सारे आलबेल आहे, असे नाइटिंगेल यांना वाटत होते. १८७१ मध्ये सेंट थॉमस रुग्णालय संसदेसमोर, थेम्सच्या काठावरच्या नव्या भव्य इमारतीत गेले. खाटा वाढल्या, काम वाढले. त्याच सुमारास नाइटिंगेल यांनी शाळेत बारकाईने लक्ष घातले, प्रशिक्षणार्थींशी एकेक करून बोलायला सुरुवात केली आणि त्यांना धक्काच बसला. मुलींना शिकवण्यासाठी निधीतून मानधन घेणारे डॉक्टर कित्येक वर्षे जवळपास काहीच शिकवत नव्हते. वॉर्डातल्या सिस्टर शिकवण्याऐवजी प्रशिक्षणार्थींना फुकटचे मनुष्यबळ म्हणून वापरत होत्या. मेट्रनबाईंवर कामाचा इतका बोजा की मुलींकडे लक्ष द्यायला वेळ नाही. प्रगतिपत्रके मात्र दर महिन्याला भरली जात होती.

अभियांत्रिकीच्या भाषेत सांगायचे तर फीडबॅकची यंत्रणा बसवली होती, पण तिच्यात जाणारी माहितीच भरवशाची नव्हती. सरकारी आकड्यांतली चूक शोधून मंत्र्यांना धारेवर धरणाऱ्या बाईंना आपल्याच नावाच्या शाळेतले रकाने दहा वर्षे फसवत राहिले.

१८७२ नंतर काय बदलले?

पहिला बदल माणसांचा. जॉन क्रॉफ्ट या शल्यविशारदाकडे शिकवण्याचे काम सोपवण्यात आले आणि नियमित व्याख्याने, लेखी परीक्षा सुरू झाल्या. वाचनासाठी पुस्तके आली.

दुसरा बदल जास्त महत्त्वाचा. ‘होम सिस्टर’ हे नवे पद निर्माण झाले. हिच्याकडे वॉर्ड नाही, रुग्ण नाहीत. प्रशिक्षणार्थी हेच तिचे काम. व्याख्यानात कळले नाही ते पुन्हा समजावणे, टिपणवह्या तपासणे, कोण आजारी आहे, कोण जेवत नाही, कोण रडून रडून घरी जायच्या गोष्टी करते आहे, याकडे लक्ष ठेवणे. १८७५ पासून दोन दशके हे पद मेरी क्रॉसलंड यांनी सांभाळले. नाइटिंगेल यांच्याशी त्यांचा सतत पत्रव्यवहार असे, मुलींबद्दल मोकळेपणाने चर्चा होई. क्रॉसलंड स्वतः अनेकदा खचत, आपण या कामाला अपुऱ्या पडतो असे त्यांना वाटे. त्यांना सावरण्याचे कामही पुन्हा त्या कोचावरूनच चाले. सांभाळणारीलाही कोणी सांभाळणारे लागते, ही बाब आजच्या ‘प्रीसेप्टर’ पद्धतीतही सहज विसरली जाते.

तिसरा बदल खुद्द नाइटिंगेल यांच्यात झाला. साउथ स्ट्रीटवरील घरी त्या प्रशिक्षणार्थींना एकेकटीने चहाला बोलावू लागल्या. गटाने कधीच नाही. एकीशी बोलताना दुसरी समोर नको, हा त्यांचा कटाक्ष. वॉर्डात काय चालते, सिस्टर कशी शिकवते, रात्रपाळीत जेवण काय मिळते, हे सगळे त्या खोदून खोदून विचारत. मुलगी गेल्यावर तिच्या स्वभावाची, आवाक्याची टिपणे लिहीत. ही टिपणे कधी कधी फारच बोचरी असत. मुलींना ती दिसत नसत, हे बरेच.

एखादी पहिल्यांदाच नव्या रुग्णालयात रुजू व्हायची, तर तिच्या खोलीत आधीच फुले पोहोचलेली असत. आजारी पडलेल्या नर्ससाठी खाण्याचे पदार्थ जात. थकलेलीला विश्रांतीसाठी कुठे तरी पाठवण्याची व्यवस्था त्या पदरमोड करून करत. यात माया होती हे उघड आहे. पण त्यामागे हिशेबही होता. घडवलेली नर्स पहिल्या दोन वर्षांत खचून निघून गेली तर तिच्या प्रशिक्षणाचा सारा खर्च पाण्यात, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

आणि १८७२ पासून सुरू झाली ती वार्षिक पत्रे. जवळपास दरवर्षी नाइटिंगेल शाळेतल्या मुलींसाठी आणि तिथून बाहेर पडलेल्या नर्ससाठी लांबलचक पत्र लिहीत. निधीच्या समितीचे अध्यक्ष आणि त्यांच्या बहिणीचे पती सर हॅरी व्हर्नी ते सभेत मोठ्याने वाचत, मग छापील प्रती वाटल्या जात. ही पत्रे आज वाचताना त्यातला धार्मिक सूर जड वाटू शकतो. पण मधूनमधून अगदी वॉर्डातल्या गोष्टी येतात. प्रशिक्षण संपले म्हणजे शिकणे संपले असे मानणारी नर्स मागे जाऊ लागते. नव्याने आलेल्या मुलीला हसू नये, आपणही एकदा तशाच होतो. रुग्णाबद्दल बाहेर बोलू नये. आपण नसताना काम कसे होईल याची सोय लावून ठेवणारी तीच खरी जबाबदार.

या सगळ्यात एक आश्चर्याची गोष्ट आहे. ज्या शाळेवर त्या इतक्या बारकाईने लक्ष ठेवून होत्या, ती त्यांनी प्रत्यक्ष पाहिली जानेवारी १८८२ मध्ये. तोवर शाळेला २१ वर्षे झाली होती.

पहिल्यांदाच मेट्रन झालेल्यांना कोणी सांभाळले?

नव्या नर्सइतकीच नवी मेट्रनही एकटी असते. किंबहुना जास्तच, कारण तिला तक्रार करायला बरोबरीचे कोणी उरत नाही. लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात १८७६ मध्ये मेट्रन झालेल्या रेचल विल्यम्स या तडफदार, पण चटकन दुखावणाऱ्या. वरिष्ठांशी बिनसले की राजीनामा लिहायला घ्यायच्या. नाइटिंगेल त्यांना लाडाने चिडवत, समजावत, थांबवत. कुठे ठाम राहायचे, कुठे शब्द गिळायचा, डॉक्टरांशी मतभेद लेखी मांडायचा की तोंडी, असे व्यवहाराचे सल्ले त्या पत्रांत भरलेले असत. विल्यम्स यांनी तिथे नऊ वर्षे काढली आणि पुढे १८८५ मध्ये नर्सची तुकडी घेऊन त्या सुएझला गेल्या.

एडिंबराच्या रॉयल इन्फर्मरीत अँजेलिक प्रिंगल यांचा अनुभव वेगळा. त्या शांत, नेटक्या. नाइटिंगेल यांनी त्यांना मोत्याची उपमा दिली होती. त्यांचे वॉर्ड इतके चांगले चालत की इतरांना शिकण्यासाठी तिथे पाठवले जाई. अमेरिकेतील पहिल्या प्रशिक्षित नर्स म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लिंडा रिचर्ड्स १८७७ मध्ये इंग्लंडला आल्या, तेव्हा नाइटिंगेल यांनी त्यांनाही एडिंबराला जाण्यास सुचवले. रिचर्ड्स यांनी नंतर जपानमध्ये नर्सिंगची शाळा सुरू केली. वॉर्डात शिकलेली एक जण पुढे दहा जणींना शिकवते, ही साखळी अशी पसरत गेली.

सगळीकडे यश आले असे नाही. कॅनडातील माँट्रियलला १८७५ मध्ये गेलेल्या मारिया मॅचिन रुग्णालयाच्या व्यवस्थापनाशी झगडून तीन वर्षांत परतल्या. मात्र जोन्स आणि ऑसबर्न यांच्या वेळच्या तुलनेत एक फरक पडला होता. नर्सना पाठवण्याआधी नाइटिंगेल आणि निधीचे सचिव हेन्री बोनहॅम कार्टर समोरच्या रुग्णालयाशी अटी घालू लागले. नर्स एकटी जाणार नाही, तुकडी जाईल. तिच्यावर अधिकार मेट्रनचा राहील, कारकुनाचा किंवा कोठीवाल्याचा नाही. झोपायला धड खोली, गरम जेवण आणि सुट्टी मिळालीच पाहिजे.

घरोघरी जाऊन गरिबांची शुश्रूषा करणाऱ्या नर्सच्या बाबतीतही त्यांनी हाच आग्रह धरला. ही नर्स दिवसभर झोपडपट्टीत, अंधाऱ्या खोल्यांत एकटी काम करते. संध्याकाळीही ती भाड्याच्या खोलीत एकटीच परतली तर तिचे काम हळूहळू ढासळते, असे त्यांचे निरीक्षण होते. म्हणून अशा नर्सनी प्रमुखाच्या देखरेखीखाली एकत्र राहावे, जेवताना दिवसभराच्या अडचणी बोलाव्यात. १८७० च्या दशकात फ्लॉरेन्स लीस यांनी लंडनच्या ब्लूम्सबरी भागात असे निवासगृह चालवले आणि १८७६ मध्ये नाइटिंगेल यांनी वृत्तपत्रातून त्यासाठी जाहीरपणे मदत मागितली.

त्यांच्यावर टीका कशासाठी होते?

टीका होते आणि ती रास्तही आहे. त्यांच्या शाळेत दोन वर्ग होते. सामान्य घरातल्या मुलींना मानधन, तर पैसे भरून शिकणाऱ्या ‘लेडी’ प्रशिक्षणार्थींसाठी मेट्रनपदाची वाट. आज्ञापालनावर इतका भर की प्रश्न विचारणारी मुलगी उद्धट ठरायची भीती. शिवाय प्रत्यक्ष वॉर्डात न जाता, ऐकीव माहितीवर आणि अर्ध्या दुपारच्या भेटीवर माणसे जोखण्यात चुका व्हायच्या त्या झाल्याच.

सर्वात मोठा वाद १८८७ नंतर पेटला. एथेल बेडफर्ड फेनविक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नर्सची नोंदणी व्हावी, परीक्षा घेऊन नोंदवहीत नाव यावे, अशी मागणी लावून धरली. नाइटिंगेल यांनी विरोध केला. परीक्षेत पुस्तकी ज्ञान कळते. मध्यरात्री कण्हणाऱ्या रुग्णाशी नर्स कशी वागते, हे तिच्याबरोबर काम करणारी सिस्टरच सांगू शकते, असा त्यांचा मुद्दा. मुद्द्यात दम होता. पण नोंदणी नसल्याने कोणीही स्वतःला नर्स म्हणवून घेऊ शकत होते, हा प्रश्न त्याने सुटत नव्हता. ब्रिटनमध्ये नोंदणीचा कायदा झाला १९१९ मध्ये, नाइटिंगेल यांच्या निधनानंतर नऊ वर्षांनी. आज भारतातही नोंदणीशिवाय नर्सला काम करता येत नाही. या वादात इतिहास फेनविक यांच्या बाजूने गेला.

भारताशी संबंध काय?

नाइटिंगेल भारतात कधीच आल्या नाहीत. तरी १८५९ पासून भारतातील ब्रिटिश सैन्याच्या आरोग्याची चौकशी करणाऱ्या आयोगासाठी त्यांनी ढीगभर कागद तपासले. सैन्यात दर हजारी ६९ मृत्यू होतात, हा आकडा त्या अहवालाने समोर आणला. पुढे खेड्यांतील स्वच्छता, पाटबंधारे, दुष्काळ यांवर त्या लिहीत राहिल्या. पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही त्यांचा पत्रव्यवहार होता.

भारतातील रुग्णालयांसाठी प्रशिक्षित नर्सची योजना त्यांनी १८६५ मध्येच सरकारला लिहून दिली होती. खर्चाचे कारण पुढे आले आणि सरकारने ती बाजूला ठेवली.

आता त्या शपथेबद्दल. महाराष्ट्रातल्या नर्सिंगच्या विद्यार्थिनी घेतात ती ‘नाइटिंगेल शपथ’ त्यांनी लिहिलेली नाही. ती १८९३ मध्ये अमेरिकेतील डेट्रॉइटमध्ये लिस्ट्रा ग्रेटर यांच्या समितीने तयार केली आणि आदराखातर नाइटिंगेल यांचे नाव दिले.

अखेरची वर्षे कशी गेली?

नर्सना लिहिलेले शेवटचे वार्षिक पत्र १९०० सालचे. त्या वेळी वय ८० होते आणि दृष्टी जात चालली होती. वर्षभरात दिसणे जवळपास थांबले. लिहिणे बंद झाले, स्मरणशक्तीही क्षीण होत गेली. १९०७ मध्ये त्यांना ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ हा सन्मान मिळाला. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. पण समारंभाला जाण्याची, बहुधा तो समजण्याचीही ताकद उरली नव्हती.

१३ ऑगस्ट १९१० रोजी साउथ स्ट्रीटवरच्या त्याच घरात, झोपेत त्यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफनाचा प्रस्ताव कुटुंबाने त्यांच्या इच्छेनुसार नाकारला. हॅम्पशायरमधील ईस्ट वेलो गावच्या चर्चच्या आवारात, आई-वडिलांजवळ त्यांना पुरले. दगडावर पूर्ण नाव नाही. एफ. एन. ही आद्याक्षरे आणि जन्म-मृत्यूच्या तारखा एवढेच कोरले आहे.